इंग्लंडमध्ये एक ससा मारला म्हणून माणसाला ऑस्ट्रेलियाला पाठवून द्यायचे, हे खरं आहे का?

निम्मं खरं आहे. दिवसाउजेडी एकट्याने ससा मारताना सापडलात तर १७०७ च्या कायद्याप्रमाणे पाच पौंड दंड, तो भरता आला नाही तर तीन महिने तुरुंग. शेतमजुराकडे पाच पौंड कुठले असायला, म्हणजे तुरुंगच. समुद्रापार जायची वेळ यायची ती रात्री सापडलं तर. १८१६ च्या कायद्याने रात्री शिकारीच्या इराद्याने नुसतं जाळं घेऊन रानात शिरलं तरी सात वर्षं हद्दपारी होऊ शकत होती. पुढच्याच वर्षी त्यात हत्याराची अट आली. पण सोटासुद्धा हत्यारात मोजला जायचा, आणि रात्री रानात रिकाम्या हाताने जातो कोण?

मला मात्र शिक्षेपेक्षा हा गुन्हाच जास्त विचित्र वाटतो. कारण ही चोरी नव्हतीच. रानातला ससा, तितर, फेझंट (कोंबड्यासारखा रानपक्षी) हे जिवंत असेपर्यंत कुणाच्या मालकीचे नाहीत, असं इंग्लिश कायदाच म्हणत होता. मेंढी पळवली तर ती चोरी. ससा मारला तर गुन्हा एवढाच की तुम्ही पायरी सोडलीत. १६७१ च्या कायद्याने शिकारीचा हक्क कुणाला, तर ज्याच्या स्वतःच्या जमिनीचं उत्पन्न वर्षाला १०० पौंड आहे त्याला (शिवाय लांब मुदतीचे मोठे पट्टेवाले आणि वरच्या घराण्यांचे वारस). खासदार निवडायला मात्र ४० शिलिंगांची, म्हणजे दोन पौंड उत्पन्नाची जमीन पुरायची. मत द्यायला लागते त्याच्या पन्नासपट श्रीमंती एक तितर मारायला! ब्लॅकस्टोन या त्यांच्याच कायदेपंडिताने अठराव्या शतकात ही विसंगती दाखवून ठेवली होती.

यात खंडकरी शेतकऱ्याची अवस्था बघा. राबणारा तो, खंड भरणारा तो, आणि त्याचं पीक खाणाऱ्या सशाला त्याने हात लावायचा नाही. आम्ही कोकणातले, त्यामुळे हे वाचताना मला आमची भाताची राखण आठवते. रानडुकरं एका रात्रीत शेत लोळवून जातात आणि परवानगीशिवाय काही करता येत नाही. फरक एवढाच की आपल्याकडचा कायदा निदान जनावर जगावं म्हणून आहे. तिथे ससा राखायचा तो जमीनदाराने हौसेने मारावा म्हणून.

आणि न्याय करायला कोण? जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे त्याच भागातले जमीनदार. किरकोळ खटला ते स्वतःच्या दिवाणखान्यात बसूनही चालवायचे. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हे. शिवाय रानात माणसाचा पाय धरणारे लोखंडी सापळे आणि तारेला पाय लागला की उडणाऱ्या बंदुका लावून ठेवत. ती बंदूक काय, चोरट्यावर जशी उडायची तशीच फुलं गोळा करायला आलेल्या पोरावर. १८२७ मध्ये त्यावर बंदी आली.

हरणांचा मामला वेगळा. विंडसर आणि वॉल्थमच्या रानात तोंडाला काळं फासून हरणं मारणाऱ्या टोळ्यांमुळे १७२३ मध्ये 'ब्लॅक ॲक्ट' आला. त्यात थेट फाशी होती, आणि तीही कितीतरी वेगवेगळ्या कृत्यांसाठी. त्याचा बराचसा भाग १८२३ पर्यंत टिकला.

एवढं करून चोरटी शिकार थांबली का? छे. १७५५ पासून शिकारीचं मांस विकणंच बेकायदा होतं, पण लंडनच्या श्रीमंतांना ताटात फेझंट हवाच असायचा. मग गावातल्या मजुराने फासा लावायचा, घोडागाडीवाल्याने टोपलीत लपवून माल शहरात न्यायचा आणि लेडनहॉल बाजारात तो गुपचूप विकला जायचा. खाणारा कधी समुद्रापार गेला नाही. १८२७ ते १८३० या काळात इंग्लंडमधल्या दर सात गुन्हेगारी शिक्षांपैकी एक या शिकार कायद्यांखाली झाली होती.

१८३१ मध्ये उत्पन्नाची अट गेली आणि परवाना काढून विक्रीही करता येऊ लागली. रात्रीच्या शिकारीची हद्दपारी मात्र १८२८ च्या कायद्यातही होती, एकट्याला तिसऱ्यांदा सापडल्यावर. खंडकऱ्याला स्वतः कसत असलेल्या जमिनीवरचे ससे मारायचा पक्का हक्क मिळायला १८८० उजाडलं. तोही फक्त सशांचा. फेझंटला हात लावायचा नाही.