यकृतात गाठ आहे का? कोणता स्कॅन, कधी आणि कशासाठी

प्रश्न : वडिलांना मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला आहे. सोनोग्राफीत यकृत स्वच्छ दिसले, तरी डॉक्टर कॉन्ट्रास्ट (शिरेतून टोचायचे, चित्रात अवयव उठून दिसावेत यासाठीचे औषध) देऊन सीटी करायला सांगतात. खरेच गरज आहे का?

उत्तर : आहे. साध्या सोनोग्राफीतून एक सेंटिमीटरहून लहान गाठी सहज निसटतात. आतड्यातला वायू आडवा येतो, यकृतात चरबी असेल तर ध्वनिलहरी खोलवर पोचत नाहीत आणि श्वासपटलाखालचा भाग नीट दिसत नाही. आतड्यातले रक्त पोर्टल शिरेने थेट यकृतात येते, त्यामुळे आतड्यातून सुटलेल्या कर्करोगाच्या पेशी आधी तिथेच अडकण्याची शक्यता जास्त. म्हणून यकृत ‘बहुतेक ठीक’ आहे एवढ्यावर भागत नाही.

सीटीत सगळा खेळ वेळेचा. निरोगी यकृताला सुमारे ७५ टक्के रक्त पोर्टल शिरेतून मिळते, गाठी मात्र धमनीच्या रक्तावर पोसतात. कॉन्ट्रास्ट टोचायला सुरुवात केल्यापासून साधारण ७० सेकंदांनी यकृत उजळते आणि गाठी काळसर उठून दिसतात. ३० सेकंदांनीच चित्रे घेतली तर यकृत अजून भरलेले नसते आणि गाठ त्यात लपू शकते. ‘पोर्टल फेज, म्हणजे ७० सेकंदांच्या सुमाराची चित्रे, घेतली का?’ हे विचारायला संकोच करू नका. बिनकॉन्ट्रास्टचा सीटी या कामासाठी जवळजवळ निरुपयोगी. छाती आणि ओटीपोट त्याच वेळी करून घ्यावे, कारण यकृतानंतर फुप्फुसाचा नंबर लागतो.

जाण्यापूर्वी क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) ताजा रिपोर्ट हवा. आधी कधी कॉन्ट्रास्टने अंगावर पित्त उठले असेल किंवा दम लागला असेल तर ते आधीच सांगा. मूत्रपिंड कमजोर असून मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल, तर ती किती दिवस थांबवायची हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

प्रश्न : सीटीच्या रिपोर्टमध्ये ‘५ मिमीचा डाग, स्वरूप सांगता येत नाही’ असे लिहिले आहे. पेट (PET) स्कॅन केला म्हणजे उलगडा होईल ना?

उत्तर : बहुधा नाही. पेट स्कॅन साखर खाणाऱ्या पेशी दाखवतो, पण एक सेंटिमीटरहून लहान गाठीची चमक त्यात विरून जाते. श्लेष्मल (चिकट स्राव भरलेल्या) प्रकारच्या गाठी मोठ्या असूनही फिक्या दिसू शकतात. यकृताबाहेर कुठे पसरले आहे का, किंवा रक्तातला सीईए (या कर्करोगात वाढू शकणारे, रक्तात मोजता येणारे प्रथिन) वाढतोय पण सीटीत काहीच सापडत नाही, अशा वेळी पेटचा खरा उपयोग. तोही चार ते सहा तास उपाशीपोटी आणि रक्तातली साखर २०० च्या खाली ठेवूनच.

तुमच्या प्रश्नासाठी एमआरआय. कर्करोग असलेल्या माणसातही असे बारीक डाग बरेचदा पाण्याची गाठ किंवा रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुच्छ निघतात, आणि एमआरआयमध्ये दोन्हींची ओळख पटते. त्यात डिफ्यूजनची (पेशींमधल्या पाण्याची हालचाल दाखवणारी) चित्रे हवीतच. शिवाय गॅडॉक्झेटेट हा यकृतपेशींत शिरणारा कॉन्ट्रास्ट मिळाला तर उत्तम. टोचल्यानंतर सुमारे २० मिनिटांनी यकृत पांढरे होते. गाठीत यकृतपेशी नसल्याने ती काळी राहते, आणि सीटीला न दिसलेल्या बारक्या गाठीही कळतात.

बिघडते ते दोन ठिकाणी. श्वास नीट रोखला गेला नाही की चित्रे फरफटतात, म्हणून आदल्या दिवशी १५-२० सेकंद श्वास धरण्याचा सराव करावा. आणि कावीळ असेल तर हा कॉन्ट्रास्ट यकृतपेशींत पुरेसा जात नाही, मग २० मिनिटांची चित्रे फसवी ठरतात. पेसमेकर असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा.

लगेच सुईने तुकडा काढण्याचा आग्रह मात्र धरू नका. गाठ शस्त्रक्रियेने काढण्याजोगी असेल तर सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याचा धोका विनाकारण पत्करला जातो.

प्रश्न : केमोनंतरच्या सीटीत यकृतातल्या चारपैकी दोन गाठी दिसेनाशा झाल्या. आता त्या काढण्याची गरज उरली नाही, असे समजायचे का?

उत्तर : तसे समजू नका. सीटीतून गाठ नाहीशी होणे आणि यकृतातून नाहीशी होणे यांत मोठे अंतर आहे. केमोने यकृतात चरबी साठू शकते. तसे यकृत सीटीत स्वतःच काळवंडते आणि काळी गाठ त्यात बुडून जाते. केमोनंतर लगेच केलेला पेटही खोटा दिलासा देतो, कारण थकलेल्या पेशी साखर घेत नाहीत, पण जिवंत असतात. अशा जागी पुन्हा गाठ उगवल्याचे अनेकदा दिसते. आता एमआरआय करून घ्या. तिथेही काही दिसले नाही तर शस्त्रक्रियेच्या वेळी उघड्या यकृतावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून ती जागा शोधतात.

आमच्या मते सर्वांत जास्त चुकते ते इथे : पहिला एमआरआय केमो सुरू होण्याआधीच व्हायला हवा. कोणत्या भागात, किती मिलिमीटरची गाठ होती याचा नकाशाच नसेल तर सर्जनने शोधायचे कुठे? फार लहान आणि खोल गाठ केमोत विरघळेल असे वाटत असेल, तर आधीच तिच्याशेजारी बारीक धातूची खूण ठेवून घेता येते.

उलटाही घोळ होतो. ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचे औषध घेतलेल्यांत काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, यकृतात नव्या निरुपद्रवी गाठी उगवतात. त्या पाहून कर्करोग परतला म्हणून धावाधाव होते. पण या गाठी यकृतपेशींच्याच बनलेल्या असल्याने गॅडॉक्झेटेट धरून ठेवतात आणि २० मिनिटांच्या चित्रांत पांढऱ्या दिसतात.

शस्त्रक्रिया ठरली की सीटीवरूनच उरणाऱ्या यकृताचे आकारमान मोजतात. निरोगी यकृत असेल तर २० ते २५ टक्के पुरते, बरीच केमो झालेली असल्यास निदान ३० टक्के लागते. कमी भरत असेल तर काढायच्या बाजूची पोर्टल शीर आधी बंद करतात, म्हणजे दुसरी बाजू काही आठवड्यांत वाढते.

प्रश्न : दुसरे मत घ्यायला जाताना छापील रिपोर्ट पुरेल का?

उत्तर : नाही. फिल्मही पुरत नाही. प्रत्येक स्कॅनची सीडी किंवा डिजिटल प्रत घ्या, केमोच्या आधीची तर नक्कीच, आणि केमोची सुरुवात व शेवटचा डोस यांच्या तारखा कागदावर लिहून सोबत ठेवा.