आधी पोटाचे खवले मोज

प्रिय मुली,

आंबोली घाटात चिरडलेला खापरखवल्या सापडला आणि तू विचारलंस, "काका, याचं काय करू? आणि असल्या गांडुळासारख्या सापामागे लागू की नाग पकडायला शिकू?" दुसऱ्या प्रश्नावर काल दिवसभर चिडलो होतो, म्हणून आधी पहिल्याचं.

फोटो छान आहेत, पण सगळे पाठीचे! उलटा कर त्याला. पोट, डोकं वरून आणि बाजूने, शेपटीचं टोक, शेजारी पट्टी. मग गळ्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत पोटाचे खवले मोज; जात ओळखायला तोच आकडा कामी येतो. चुकलीस तर परत मोज. तारीख, वेळ, कुठलं वळण, पाऊस होता का, तेही लिही. बाटलीत भरून घरी मात्र नेऊ नकोस; त्याला वनखात्याची परवानगी लागते.

वीसेक वर्षांपूर्वी त्याच घाटात मला एक चकचकीत काळा दिसला होता. पुस्तकातलं जवळचं नाव वहीत टाकलं आणि पुढे पळालो, कारण पुढच्या झुडपात चापडा, म्हणजे विषारी साप, होता. 2016 साली गोवर, गिरी, कॅप्टन आणि विल्किन्सन या संशोधकांनी दाखवून दिलं, की उत्तर सह्याद्रीतला काळा खापरखवल्या दक्षिणेतल्या जातीच्या नावावर खपत होता. तो वेगळाच निघाला. सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरेंचं नाव मिळालं त्याला. माझा तोच होता का? मोजलंच नव्हतं, तर काय सांगू! तेव्हा माझ्याकडे मोबाईल नव्हता, पावसात वहीचा लगदा व्हायचा, हे सगळं खरं. पण बोटं तर होती ना मोजायला.

आता नागाचं. नाग बघायला गर्दी आपोआप जमते. हा खापरखवल्या बिचारा बिनविषारी, जमिनीखाली गांडुळं खातो, अंडी न घालता थेट पिल्लं देतो. शेपूट बहुतेकांची तिरकी छाटल्यासारखी, खडबडीत. तिच्यावर माती चिकटून बिळाला बूच बसतं. लोक दुतोंड्या समजून ठेचतात. याचं अख्खं कुळ भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका सोडून जगात कुठेही नाही, आणि पावसाळ्यात वर आला की आपल्या टायरखाली! नाग पकड हवे तर, मी कोण अडवणारा. पण हा मोजून झाल्यावर.

उद्या पहाटे त्याच वळणावर जा. मुंग्यांनी काही शिल्लक ठेवलं असेल तर आकडा कळव. नुसते फोटो नकोत.

तुझा,
काका