वाचक विचारतात : पायाची कमान

प्रश्न : वय 48. रोज पर्वती चढते. तीन-चार महिने झाले, उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला दुखतं, संध्याकाळी सूज येते. उजव्या चपलेची टाच आतल्या कडेला झिजते. फरशीवर ओल्या पायाचा ठसा उजवीकडे पूर्ण भरलेला उमटतो, डावीकडे नाही. दुकानातलं कमानीचं इनसोल घालू का? (सदाशिव पेठ)

उत्तर : इनसोलचं नंतर पाहू. तुमचा एकच पाय सपाट झालाय आणि तोही आता, हे महत्त्वाचं. दोन्ही तळवे लहानपणापासून सपाट असलेली कितीतरी माणसं सिंहगड बिनतक्रार चढतात. चाळिशीनंतर एकाच पायाची कमान बसली, तर पहिला संशय टिबियालिस पोस्टिरियर या स्नायूच्या कंडरेवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर घ्यावा.

हा स्नायू पोटरीत खोलवर असतो. त्याची कंडरा आतल्या घोट्यामागून वळसा घेऊन पावलाच्या मधल्या हाडांना धरते. पावलात 26 हाडं. टाच टेकताना ती सैल हवीत, जमिनीशी जुळवून घ्यायला. टाच उचलताना घट्ट, नाहीतर चवड्याने रेटा देता येत नाही. पाऊल असं घट्ट करण्यात या कंडरेचा वाटा मोठा. ती सुजली, ताणली गेली की कमान खाली येते, टाच बाहेर कलते, चवडा बाहेर फाकतो. रेटा जातो आणि ढांग आखूड होते. नडगी आत फिरते, गुडघाही आत झुकतो. काहींना तर आधी गुडघाच दुखायला लागतो.

तपासून पाहा. अनवाणी, तोलापुरती बोटं भिंतीला लावून दोन्ही टाचा उचला. घरातल्या कुणाला तरी मागून व्हिडिओ काढायला सांगा. निरोगी टाच वर जाताना आत वळते. मग फक्त उजव्या पायावर करा. टाच उचललीच गेली नाही, किंवा उचलूनही आत वळली नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवाच. एक्स-रे उभं राहूनच काढून घ्या. झोपून काढला तर पायावर भार नसतो आणि बसलेली कमान त्यात चांगली दिसू शकते.

तोवर पर्वती बंद. पायरीगणिक सगळं वजन एका पायावर येतं. सपाट रस्त्यावर दुखणार नाही इतकंच चाला. कापडात गुंडाळलेला बर्फ 10-15 मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा (मधुमेहाने पाय बधिर असेल तर नको). आखडलेली पोटरी कमान आणखी दाबते. ती ताणायला भिंतीसमोर गुडघा सरळ, टाच टेकलेली, 30 सेकंद, असं तीनदा. पाऊल नाकासमोर ठेवा. ते फाकलं तर ताण पोटरीऐवजी कमानीवर येतो, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. टाचा उचलण्याचा व्यायाम दुखणं ओसरल्यावर, फिजिओथेरपिस्टला विचारून.

आता इनसोल. तयार इनसोलचा कडक उंचवटा दुखऱ्या जागी टोचू शकतो. टाच आतल्या बाजूने उचलून धरणारा आधार मापाने करून घ्या आणि तो मागून घट्ट असलेल्या, नाडीच्या बुटात घाला. चपलेत तो टिकत नाही. टाळाटाळ केलीत तर पाऊल ताठरतं, मग गोष्ट शस्त्रक्रियेवर जाऊ शकते.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा, तळवे अगदी सपाट. खास बूट घ्यावेत का? (कोथरूड)

उत्तर : नकोत. या वयात तळव्याखाली चरबी असते, सांधे लवचिक असतात. कमान साधारण सहा ते दहाव्या वर्षापर्यंत आकार घेते आणि बुटाने ती घडत नाही. त्याला चवड्यांवर उभं करा. कमान दिसली की निश्चिंत राहा. दिसलीच नाही, पाय दुखत असेल, मुलगा लंगडत असेल किंवा एकच पाय वेगळा वाटत असेल, तर दाखवा. शाळेचे बूट मात्र उभं करून मापा, अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी.

प्रश्न : कोल्हापुरीने पाय सपाट होतात का? (हडपसर)

उत्तर : नाही. पण सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच दुखत असेल, तर कोल्हापुरी काही दिवस बाजूला ठेवा. तळ कडक, मागे पट्टा नाही. टाचेला ना गादी मिळते ना आधार.