वेबसाइटचं प्लग-इन आणि प्लग-इन गाडी: दोन्हींत शब्द एकच का?

वेबसाइटलाही प्लग-इन लागतं आणि गाडीही प्लग-इन हायब्रिड (पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी) असते, मग या शब्दाचा खरा अर्थ कोणता, असं तुम्ही विचारलंय. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो. कॉलेजची पोरं हेच विचारतात, तेव्हा मी त्यांना आधी बाहेर उभा ट्रॅक्टर दाखवतो.

ट्रॅक्टरच्या मागे अवजार तीन ठिकाणी अडकवायची सोय असते, आणि मधून पीटीओचा, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणारा, फिरता दांडा निघतो. तो मिनिटाला साधारण 540 फेरे घेतो. ट्रॅक्टर एका कंपनीचा आणि रोटावेटर दुसऱ्या कंपनीचा असला तरी जमतं, कारण जोडणीची मापं आधीच ठरलेली आहेत. रोटावेटर काढला तरी ट्रॅक्टर चालतो. एकटा रोटावेटर मात्र बांधावर पडलेलं लोखंड. याला कुणी प्लग-इन म्हणत नाही, पण सॉफ्टवेअरमधलं प्लग-इन हेच. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय 2004 साली आली: अर्ज भरून घ्यायचा असेल तर तेवढं प्लग-इन टाका, नको झालं की काढा.

जोडायची जागाच बुजवली तर? ब्राउझरमध्ये हलती चित्रं आणि खेळ दाखवणाऱ्या फ्लॅश या प्लग-इनचं तेच झालं. 31 डिसेंबर 2020 ला त्याचा आधार संपला. फ्लॅशवरचे व्याकरणाचे धडे मी पोरांना दाखवायचो, ते नंतर उघडेनात. संगणक धडधाकट, फायली जागच्या जागी, आणि पडदा कोरा. फार वाईट वाटलं होतं.

रेकॉर्डिंगवाल्यांचं प्लग-इनही याच जातीचं. स्टाइनबर्ग कंपनीने 1996 मध्ये रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला प्लग-इन लावायची व्हीएसटी नावाची जोडणी ठरवली. आज खंजिरी भजनाला देवळातल्यासारखा घुमारा द्यायचा तर लॅपटॉपवर तसलंच प्लग-इन लावतात.

गाडीत मात्र अर्थ उलटतो. तिथे गाडीच पिनेला लागते. साध्या हायब्रिडची बॅटरी इंजिनवर आणि ब्रेक लावताना मिळणाऱ्या शक्तीवर भरते, तिला बाहेरून पिन लावायची सोय नसते. प्लग-इन हायब्रिडची बॅटरी मोठी. ती घरच्या विजेवर भरा, गाडी काही अंतर पेट्रोल न जाळता जाते. बोर्डात खोचायचं डासांचं मशीनही याच अर्थाचं.

पिनेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरची पिन बोर्डात बसत नाही म्हणून वरची जाड पिन तोडतात. ती अर्थिंगची असते. मुद्दाम लांब ठेवलेली, म्हणजे आधी लागते आणि शेवटी सुटते. पाणी भरलेल्या लोखंडी कूलरला अर्थिंग नसेल तर माणसाचा जीव जातो. हात जोडून सांगतो, तोडू नका.

तुम्हाला प्लग-इन हा शब्द संख्याशास्त्राच्या पुस्तकात दिसला असेल, तर तो आणखी वेगळा. एकरभर पऱ्हाटीची (कापसाची) सगळी बोंडं कुणी मोजत नाही. वीसेक झाडांची मोजायची, सरासरी काढायची, आणि सूत्रात खऱ्या सरासरीच्या जागी तोच आकडा घालायचा. त्याला प्लग-इन अंदाज म्हणतात.