पुरुषांच्या फिगर स्केटिंगमध्ये कलेपेक्षा उड्यांनाच जास्त गुण मिळतात का?

हो, बऱ्याच अंशी मिळतात. कलेच्या गुणांना वरची मर्यादा आहे, उड्यांच्या गुणांना तशी नाही. रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य या तिन्हींत पैकीच्या पैकी मिळाले तरी फ्री स्केटमध्ये (स्पर्धेच्या दोन भागांपैकी लांबच्या भागात) साधारण 100 वर गाडी थांबते. त्यातही अव्वल खेळाडूंमधला फरक थोडाच असतो.

आता उडी बघा. लुट्झ हा उडीचा एक प्रकार; ट्रिपल म्हणजे हवेत तीन फेऱ्या, क्वाड म्हणजे चार. ट्रिपल लुट्झचे मूळ गुण 5.90, क्वाड लुट्झचे 11.50. एकच फेरी जास्त, आणि गुण जवळपास दुप्पट! शिवाय परीक्षक दर्जानुसार −5 ते +5 देतात आणि प्रत्येक अंकामागे मूळ किमतीच्या 10 टक्के गुण वाढतात किंवा कापले जातात. म्हणजे देखण्या क्वाडला बक्षीसही मोठं.

पण पडलात तर? पूर्ण फिरलेल्या क्वाड लुट्झवर पडलं की 5.75 कापले जातात, वर 1 गुणाचा दंड. हातात उरतात 4.75. त्यापेक्षा स्वच्छ ट्रिपल केव्हाही परवडतो.

2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या नेथन चेनने फ्री स्केटमध्ये पाच क्वाड मारून एकूण 332.60 गुणांसह सुवर्ण जिंकलं. त्याचाच देशबंधू जेसन ब्राउन एकही क्वाड न मारता सहावा आला! त्याचं स्केटिंग मला मनापासून आवडतं, अप्रतिमच असतं. पण पदकाच्या शर्यतीत एवढी तूट निव्वळ कलेवर भरून निघत नाही. माझ्या मते कलेच्या गुणांचं वजन थोडं वाढवायलाच हवं.