उकार ऱ्हस्व, ऊकार दीर्घ

प्रश्न : आम्ही वेंगुर्ल्याचे केळुसकर. मालवणचे केळूसकर म्हणतात, आपण भाऊबंद. वाय-डीएनए चाचणीने कळेल? माझी लाळ चालेल का?

उत्तर : ताई, तुमची नाही चालायची. वाय गुणसूत्र बापाकडून मुलालाच जातं. भावाला गाठा, तिकडचाही एक पुरुष हवा. गालाच्या आतून काडी फिरवली की झालं. निदान ३७ मार्करांची, म्हणजे वाय गुणसूत्रावरच्या ३७ ठरावीक खुणांची, चाचणी घ्या; १२ काय, योगायोगानेही जुळतात. ३६-३७ जुळले तर मूळपुरुष बहुधा एकच, पण कितव्या पिढीतला ते नेमकं कळत नाही. नाही जुळले तर? केळूस गाव सोडून गेलेलं कुठलंही घर केळूसकर झालं असेल. शिवाय दत्तक! आमचे पणजोबा मामाकडे दत्तक गेले. आडनाव मामाचं, वाय मूळ घरचा. ऊकाराचं म्हणाल तर तो शाळेत नाव घालणाऱ्या मास्तरांचा.