आबांचं कुंकू लागलेलं तिकीट

सोन्या,

काल मुंजीची पत्रिका आली तेव्हा तू पाकीट बघून म्हणालास, "आबांना कळत नाही का, कुंकू लावलं की तिकिटाची व्हॅल्यू जाते?" मी भांडी घासत होते, काही बोलले नाही, पण लागलं जरा. म्हणून लिहितेय, सावकाश वाच, नाही वाचलंस तरी चालेल.

शुभकार्याच्या पाकिटाला चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात आणि त्यातल्या एका कोपऱ्यात नेमकं तिकीट असतं, आबा तरी काय करणार. का लावतात म्हणशील तर मलाही धड सांगता येणार नाही. माझी आजी, म्हणजे आबांची आई, मात्र पोस्टमनच्या हातातलं पाकीट लांबूनच ओळखायची, कोपरा पिवळा-लाल दिसला की आधी चहा ठेवायची मग पत्रिका उघडायची. वाईट बातमीचं कार्ड आलं तर वाचून लगेच फाडायचं, घरात ठेवायचं नाही.

तुझ्या अल्बमच्या भाषेत ते तिकीट डॅमेज्ड, हे कबूल. मलाही तिकिटांचं वेड होतंच की. मस्कतच्या काकाचं पाकीट आलं की वाटीत कोमट पाणी, त्यात तो तुकडा, तिकीट आपोआप सुटलं की पेपरवर उलटं वाळत घालायचं. ओढून काढलं की आबा ओरडायचे. हेल्वेशिया नावाचा देश नकाशात शोधून मी रडकुंडीला आले होते, ते स्वित्झर्लंडच आणि भाषा चार म्हणून नाव लॅटिनमधलं, हे आबांनी सांगितलं, आणि आता बघ कुठे येऊन राहिलोय! इंग्लंडच्या तिकिटावर तर देशाचं नावच नसतं, नुसतं राजाचं नाहीतर राणीचं डोकं, तेव्हा राणीचं असायचं.

किमतीवरून माझं आणि आजीचं वाजायचं. तिकिटावर 25 लिहिलेलं आणि ती म्हणणार चार आण्याचं. 1957 च्या एप्रिलपासून रुपयाचे 100 नये पैसे झाले, त्याआधी सोळा आणे, पण तिच्या डोक्यात आणेच. आबांकडे 5 पैशांची बारकी तिकिटं होती, 1971 ची, बांगलादेशच्या निर्वासितांसाठी पत्रावर जादा लावावी लागायची ती. मला ती फालतू वाटायची, फक्त पाचच पैसे म्हणून. किंमत म्हणजे पोस्टाने त्या वेळी घेतलेले पैसे एवढंच, नंतर कोण किती देईल ते वेगळंच. आपल्या बाझलचं 1845 चं कबुतराचं तिकीट अडीच रापेनचं, म्हणजे इथल्या अडीच पैशांचं होतं, आता केवढ्याला जातं ते तूच मला सांगितलंस.

आता माझा पराक्रम. पोस्टकार्डावर तिकीट छापलेलंच असायचं, 15 पैसे, वाघाचं तोंड. मला वाघ हवा होता म्हणून आजीनं आबांना पाठवलेल्या कार्डाचा कोपरा मी सरळ कात्रीनं कापला. आबांनी पाठीत धपाटा घातला आणि नंतर दिवसभर गप्प होते. का ते मला कळलंच नाही तेव्हा, एक कार्ड तर होतं.

तुझ्या अल्बममध्ये शेवटून दुसऱ्या पानावर आहे तो वाघ. हिंज, म्हणजे तिकीट अल्बमला चिकटवायची कागदी पट्टी, लावलाय, हळूच उचल आणि मागे बघ. निळ्या शाईत "चि. बा" एवढंच आहे, "ळ" कार्डावर राहिला.

आबांना फोनवर सांगणार होते पुढच्या वेळी तिकीट सोडून लावा म्हणून. अजून सांगितलेलं नाही. तुला वाटत असेल तर तूच सांग, रविवारी फोन करतील.

आई